केणीशेठची मर्यादा

लग्नाच्या मांडवात माणसं एकमेकांची तब्येत विचारतात, मला पीएफ विचारतात. डोंबिवलीत मी ज्या ज्या लग्नाला गेले, तिथे जिलबी ताटात पडायच्या आत कुणीतरी खुर्ची सरकवत शेजारी येऊन बसलेलं आहे. “मॅडम, एक विचारायचं होतं. मुलानं जॉब बदलला, जुन्या कंपनीचा पीएफ तसाच पडलाय...” असं वाक्य सुरू झालं की आमचे हे माझ्या ताटातली जिलबी उचलून स्वतःच्या ताटात ठेवतात. ती आता गार होणार, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे.

कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी पगार विभाग सांभाळला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी नीट बोलतात आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. पगार विभाग म्हणजे गेटच्या आत डाव्या हाताला, वजनकाट्याच्या शेजारची एक खोली. ट्रक काट्यावर चढला की माझा कॉम्प्युटर हलायचा. पगार वेळेवर झाला तर त्या खोलीत कुणी फिरकत नसे. पंधरा रुपये कमी पडले तर मात्र खोलीत उभं राहायला जागा नसे. या धंद्यात शाबासकी नावाची गोष्ट नसते, हे मी पहिल्या वर्षातच समजून घेतलं आणि पुढची सगळी वर्षं मजेत काढली.

आमच्या कामातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे वर्षाच्या मधेच आलेला माणूस. इन्कम टॅक्सचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. माणूस ऑक्टोबरात नोकरी बदलतो. जुन्या कंपनीला वाटतं याचं वर्ष आमच्याकडे संपलं, नव्या कंपनीला वाटतं याचं वर्ष आमच्याकडे सुरू झालं. दोघीही त्याला सगळ्या सवलती पहिल्यापासून देतात. एकाच मुलाला आईनंही जेवू घालावं आणि शेजारच्या काकूंनीही, आणि दोघींना वाटावं की पोर सकाळपासून उपाशी आहे, तसा प्रकार. मग मार्चमधे पोट दुखतं.

डोंबिवलीचाच एक इंजिनिअर असा आमच्याकडे आलेला. जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला टॅक्स यांचे आकडे मी त्याच्याकडे मागत होते आणि तो उद्या देतो, परवा देतो करत होता. शेवटी एकदा चहाच्या मशीनपाशी त्यानं मान खाली घालून सांगितलं की मुलाखतीत त्यानं जुना पगार बराच वाढवून सांगितलेला होता आणि आता खरा आकडा कंपनीत कुणाला दिसायला नको होता. मी त्याला सांगितलं की माझ्याकडे आकडे देण्याची सक्ती नाही, पण मग दोन्हीकडची बेरीज स्वतः करून फरकाचा टॅक्स वेळेत भर. त्यानं एकच विमा आणि एकच पीपीएफ दोन्हीकडे दाखवलेला होता. फरक भरताना त्याचा चेहरा उतरला, पण भरला. दर दिवाळीला तो मला काजूकतली पाठवतो. आता तो बराच वर पोचलाय, म्हणून त्याचंही नाव लिहीत नाही.

नाव लिहायचं आहे ते केणीशेठचं. लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, लिहा, पण शेठ लिहू नका. ते एक मी ऐकत नाही.

जनार्दन केणी मूळचे बाळकुमचे. तीन पिढ्यांची भातशेती, खाडीच्या बाजूला मिठागरात हिस्सा. त्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत आणि केणींचं एकत्र कुटुंब स्वतःच्याच पाच मजली इमारतीत राहतं. दारात तीन गाड्या. अशा घरातला हा माणूस आमच्या शेजारच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायला होता. जमीन विकल्यावर काही वर्षं घरी बसून काढली, कंटाळा आला, मग बॉयलरची परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं आणि चाळिशी उलटून गेल्यावर नोकरीला लागले. तो शेजारचा कारखाना बंद पडला, कारण त्याच्याही जागेवर टॉवर व्हायचे होते. करोनाची दुसरी लाट ओसरलेली, तोंडावर मास्क होते, तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथली काही माणसं आमच्याकडे आली. केणी त्यांतले एक. वय चौपन्न. पहिल्या दिवशी पुतण्यानं त्यांना मोठ्या पांढऱ्या गाडीतून गेटवर सोडलं आणि दुपारपर्यंत सगळा कारखाना त्यांना शेठ म्हणायला लागला.

माझ्या खोलीत आले ते उभेच राहिले. मी बसा म्हटलं तेव्हा बसले आणि त्यांनी सांगितलं की त्यांचा सगळा मूळ पगार पीएफला टाकायचा.

इथे बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. मूळ पगाराचे बारा टक्के पीएफला कापावेच लागतात, कंपनीही तिच्याकडून घालते. पण कामगाराला हवं असेल तर तो स्वतःच्या खुशीनं जास्त कापून घेऊ शकतो, पार सगळा मूळ पगारसुद्धा. असा अर्ज फार कमी लोक करतात. सगळाच्या सगळा टाका म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी विचारलं, घरी काय नेणार? ते म्हणाले, भत्ते असतात ना वरचे, तेवढे पुरतात. जुन्या कंपनीतही एप्रिलपासून सगळा मूळ पगार तिकडेच जात होता.

हे ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं. नेमका त्याच वर्षापासून नवीन नियम लागू झालेला होता. कामगारानं स्वतःच्या पगारातून वर्षभरात अडीच लाखांपर्यंत पीएफ भरला तर व्याजावर टॅक्स नाही. त्याच्यावर जितका भरेल, तितक्या भागाच्या व्याजावर टॅक्स. आणि ही मर्यादा माणसाला आहे. कंपन्या दोन झाल्या म्हणून ती दोनदा मिळत नाही. मी त्यांच्या जुन्या पगाराच्या पावत्या मागवून बेरीज केली. सप्टेंबरपर्यंत दोन लाखांच्या पुढे रक्कम गेलेली होती. आमच्याकडे पुन्हा सगळा पगार टाकला असता तर दिवाळीनंतरच्या पगारातच मर्यादा ओलांडली असती.

मी त्यांना म्हटलं, मार्चपर्यंत फक्त बारा टक्के जाऊ द्या, एप्रिलपासून नव्यानं ठरवू. नाहीतर मग वरच्या व्याजावर थोडा टॅक्स भरा, तो काही डोंगराएवढा नाही.

त्यांनी पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं. काट्यावर एक टँकर उभा होता. मग म्हणाले, “टॅक्स भरायला काय नाय, मॅडम. पण तो रिटर्नमधे दिसणार. रिटर्न प्रतीक भरतो.”

प्रतीक म्हणजे तोच गाडीतून सोडायला आलेला पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. मला काही समजलं नाही. केणी उठले, सही नंतर करतो म्हणाले आणि गेले. मला वाटलं, माणूस रागावला. आपण त्याचे पैसे नाकारले असं त्याला वाटलं असणार.

दोन-तीन दिवसांनी मी स्वतःच बॉयलरपाशी गेले, कारण सहीशिवाय त्यांचा पगार अडकला असता. बॉयलरच्या खोलीत तेव्हा इतका उकाडा होता की मास्क तोंडाला चिकटत होता. केणींनी मला बाहेर, पिंपळाखालच्या बाकावर नेलं आणि तिथे त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सावकाश, शब्दाशब्दाला थांबत.

जमिनीचा पैसा आला तो थोरल्या भावाच्या हातात आला. त्यात खोटं काही नव्हतं. भाऊ प्रामाणिक होता, घर चालवत होता, कुणाला काही कमी पडू देत नव्हता. पण घरात कुठलीही वस्तू कुणा एकाची नव्हती. केणींना चप्पल घ्यायची झाली तरी प्रतीक म्हणायचा, काका, ऑनलाइन मागवतो, आणि दुसऱ्या दिवशी हजारांची चप्पल दारात. पहिली काही वर्षं ते पगार आणून भावाच्या हातात देत. भाऊ हसून तो देवापुढे ठेवायचा आणि महिनाअखेरीला त्यातून कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे यायचे. एकदा त्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराइतका खर्च हळदीच्या स्टेजवर झालेला त्यांनी पाहिला. त्यानंतर त्यांनी पगार घरी आणणंच थांबवलं. पीएफला जातो म्हणून सांगितलं. पीएफ म्हटलं की घरात कुणी पुढे विचारत नसे, आणि नेमकं किती जातं हे कुणाला माहीत नव्हतं.

“जमीन बापानं ठेवलेली,” ते म्हणाले. “मी काय केला तिच्यात? हा पगार मी केलाय.”

आता माझ्या लक्षात आलं की मी त्यांना काय सांगितलं होतं. मार्चपर्यंत पीएफ कमी करा म्हणजे सहा महिने पगार हातात घ्या. आणि हातात आला की तो घरात जाणार. सरकारनं व्याजापुरती एक रेघ ओढलेली, पण ती ओलांडली तर आकडा प्रतीकला दिसणार आणि अलीकडे थांबलं तर पगार घरात जाणार, अशी या माणसाची कोंडी होती.

पगारवालीनं लोकांच्या घरात शिरू नये असा माझा नियम होता. पण पिंपळाखाली बसून तो काही टिकला नाही. मी विचारलं, “वहिनींच्या नावावर काही आहे का?”

 मंदावहिनींचं नाव फक्त रेशनकार्डात होतं. दागिने होते, ते सासूच्या कपाटात, आणि सासू गेल्यावर मोठ्या जावेच्या. बँकेत खातं नव्हतं. पॅनकार्ड कशाला लागतं असा प्रश्नच कधी आलेला नव्हता.

मी सांगितलं की पोस्टात त्यांच्या नावानं पीपीएफ उघडा. त्यालाही वर्षाची मर्यादा असते, दीड लाखांची, पण ती त्यांची स्वतःची मर्यादा. तुम्ही जुन्या कंपनीत काय भरलं, नव्या कंपनीत काय भरलं, याच्याशी तिचा संबंध नाही. व्याजावर टॅक्स नाही, म्हणजे रिटर्नच्या चर्चेला विषय नाही. सहा महिन्यांत तुमच्या हातात येणारा मूळ पगार जवळपास तेवढाच बसतो, वर थोडा उरला तर त्यांच्याच नावाच्या साध्या बचत खात्यात राहील.

 केणी म्हणाले, तिला तुम्हीच समजावा. मना नाय जमणार.

पॅनकार्ड यायला वेळ लागला, तोवर दिवाळी येऊन गेली. एका शनिवारी मी पोस्टात गेले. मंदावहिनी आधीच येऊन बसलेल्या होत्या. नऊवारी, अंबाड्यात अबोली, पर्स काखेत घट्ट धरलेली. घरी त्यांनी देवळात जाते असं सांगितलेलं होतं आणि खोटं पडू नये म्हणून खरोखर देवळात जाऊन आलेल्या होत्या. मला प्रसादाचं खोबरं दिलं. मी पंधरा मिनिटं पीपीएफ समजावला. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या मनात आलं, काही पोचलेलं दिसत नाही. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“यांनी मागितले तर मना द्यायला लागतील काय?”

मी म्हटलं, सही तुमची, तुम्हाला वाटलं तर द्याल.

“आणि मोठ्या भाऊजींनी मागितले तर?”

मी सांगितलं की पंधरा वर्षांची मुदत आहे, पहिली काही वर्षं तर तुम्हाला स्वतःलासुद्धा हात लावता येत नाही.

त्यांनी पदर सारखा केला, काउंटरपाशी गेल्या आणि सही कुठं करायची ते विचारलं. केणी बाहेर फूटपाथवर उभे होते. आत यायला त्यांना का कोण जाणे लाज वाटत होती.

इकडे दुसरं काम राहिलेलं होतं. जुन्या कंपनीतलं पीएफ खातं आमच्या कंपनीच्या खात्याशी जोडायचं. ते जोडणं व्याजापेक्षाही पेन्शनसाठी महत्त्वाचं असतं. पीएफबरोबर एक छोटी पेन्शन असते, तिला दहा वर्षांची नोकरी लागते. केणींची तिकडची साडेआठ वर्षं झालेली होती. ती इकडे आणली की दहा वर्षं सहज भरणार, तिकडचा हिशेब मिटवून पैसे काढले की पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि अठ्ठावन्न वयापर्यंत दहा भरण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या कंपनीत कुणी उरलं नव्हतं. ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा भंगारात गेलेल्या. केणींनी नोकरी सोडल्याची तारीख कुणी भरलेलीच नव्हती, आणि ती भरल्याशिवाय खातं हलत नाही. पण दोन महिने झाले की माणूस स्वतः ती तारीख ऑनलाइन भरू शकतो. डिसेंबरात एका दुपारी मी केणींना बोलावलं, कॉम्प्युटर उघडला, तारीख भरली आणि म्हटलं, आता तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, सांगा.

त्यांनी मोबाइल काढला. काही आलेलं नव्हतं. मी पुन्हा पाठवला. पुन्हा काही नाही. मग त्यांनी हळूच सांगितलं की ते पीएफचं मोबाइलचं काम प्रतीकनं करून दिलेलं, नंबर बहुतेक त्याचाच असेल.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रतीक होता. “काका, तुझ्या पीएफचा ओटीपी आलाय. काय काढतोयस काय?”

केणींनी फोन माझ्या हातात दिला. मी प्रतीकला म्हटलं, फोनवर नको, उद्या इकडेच ये.

दुसऱ्या दिवशी प्रतीक पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. वाईट मुलगा नव्हता. तिशीतला, हसरा, मला वाकून नमस्कार केला, काकाच्या डब्यात भाजी कमी असते म्हणून घरून बोंबलाचं कालवण घेऊन आलेला. ओटीपी आल्यावर त्यानं खात्यात शिल्लक किती ते पाहिलेलं होतं आणि तो रात्रभर अवाक होता. जुन्या कारखान्याच्या जागेवर होणाऱ्या टॉवरमधे घरच्यांनी दोन फ्लॅट बुक केलेले, तिसऱ्याचा विचार चाललेला. काकाचा पीएफ आता मोकळा झालाय तर तो त्यात घालू, असं त्याचं म्हणणं. पीएफात पैसे सडतात, जागेत वाढतात. त्याच्या घराचा तोच अनुभव होता, त्यामुळे त्याला दोष कसा देणार?

केणी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की मी नाही म्हणावं, पैसे निघत नाहीत म्हणून सांगून टाकावं. एवढं एक वाक्य खोटं बोलले असते तर विषय तिथेच संपला असता. पण पगारवालीचं एकदा खोटं पकडलं गेलं की तिच्या खऱ्याची किंमत जाते.

मी प्रतीकला जे आहे ते सांगितलं. काका पुन्हा नोकरीला लागलेत, त्यामुळे सगळा पीएफ काढता येणार नाही, तो इकडेच जोडायला लागेल. घरासाठी मात्र त्यातला काही भाग काढता येतो.

प्रतीकचा चेहरा खुलला. केणींचा पडला.

मी पुढे म्हटलं, “घर काकांच्या किंवा काकूंच्या नावावर हवं. दोघांच्या मिळून चालेल. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

प्रतीक म्हणाला, नावाचं नंतर बघता येईल. मी म्हटलं, नाव आधी लागतं. त्यानं डोकं खाजवलं. घरातली सगळी बुकिंग त्याच्या बाबांच्या आणि त्याच्या नावावर होती. काकाच्या नावावर करायला हरकत नव्हती, असं तो म्हणाला, पण मग सगळ्यांनीच आपापली नावं घालायला सांगितली असती, आत्यांनीसुद्धा. सीएला विचारून सांगतो म्हणाला. मग सहज विचारावं तसं विचारलं, ती पेन्शन किती मिळणार?

मी अंदाज सांगितला. अडीच हजारांच्या आसपास, महिन्याला.

तो खरंच हसला, त्यात कुचेष्टा नव्हती. “काका, अडीच हजार? माझ्या गाडीचं डिझेल चार दिवस पण जात नाही त्यात. त्यासाठी तू चार वर्षं बॉयलर फुंकणार?”

 केणी उभे राहिले.

“जमीन माझ्या बापाची होती,” ते म्हणाले. “गाडी तुझी हाय. अडीच हजार माझे हायत.”

काट्यावर ट्रक चढला, खोली हलली. प्रतीक म्हणाला, ओटीपी परत पाठवा मॅडम, मी सांगतो. त्यानं नंबर वाचून दाखवला, मोबाइल नंबरही काकाचा करून दिला, पेढे टेबलावर ठेवले आणि गेला. फ्लॅटचा विषय पुन्हा निघाला नाही. निघाला असेल तर माझ्यापर्यंत आला नाही.

हे सांगताना कदमांची आठवण होते. तेही त्याच बंद कारखान्यातले, फिटर, केणींच्या बाकावरचे जेवणाचे सोबती. त्यांना आमच्याकडे लगेच जागा मिळाली नाही. तीन-चार महिने घरी बसले आणि तेवढ्यात त्यांनी पीएफ आणि पेन्शनचा हिस्सा, दोन्ही काढून घेतले. नियमात बसत होतं. घरात आजारपण होतं, पैसे लागत होते. आमच्याकडे लागल्यावर ते खुशीत मला विचारायला आले की आता पेन्शन किती बसेल. त्यांची आधीची आठ-नऊ वर्षं पुसली गेलेली होती. तेव्हा फक्त पीएफ काढून पेन्शनची वर्षं तशीच राखून ठेवता आली असती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी काही करू शकत नव्हते, वेळ निघून गेलेली. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि कामाला गेले. त्या दिवशी ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. नियम चांगला की वाईट हे मी ठरवत नाही, पण तो माणसापर्यंत वेळेत पोचत नाही, याची खंत मला या नोकरीत कायम राहिली. लग्नात जिलबी गार होते तरी मी उत्तर देते ते म्हणून.

केणींचं गाडं मात्र रुळावर आलं. मार्च संपला, त्यांची त्या वर्षीची बेरीज अडीच लाखांच्या आत राहिली. एप्रिलमधे ते अर्ज करायला आले. मी म्हटलं, आता वर्षभर एकाच कंपनीत आहात, बारा महिन्यांत समान वाटून अडीच लाखांपर्यंत जाऊ. ते मान हलवत होते, पण सही करत नव्हते. शेवटी म्हणाले, मंदा विचारते, तिची मर्यादा एप्रिलला परत सुरू होते काय?

मी म्हटलं, होते, परत दीड लाख.

“मंग तिला आधी भरा म्हणते,” ते म्हणाले. “महिन्याच्या पाच तारखेच्या आत. म्हणजे त्या महिन्याचं व्याज बसतं.”

पाच तारखेचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पोस्टातल्या बाईंना विचारून मंदावहिनींनी ते स्वतःच काढलेलं. पुढे साडेतीन वर्षं तसंच चाललं. नवऱ्याची एक मर्यादा, बायकोची एक, आणि केणी दोन्हींच्या मधे बॉयलर पेटता ठेवून. पोस्टात जाताना मंदावहिनी आता देवळाचं कारण सांगत नव्हत्या. मोठ्या जावेनं एकदा विचारलं, दर महिन्याला कुठं जातेस, तर त्यांनी सरळ सांगितलं. पुढच्या महिन्यात मोठी जाऊ त्यांच्याबरोबर पोस्टात आलेली होती.

मी निवृत्त झाले, त्यानंतर काही महिन्यांनी केणी अठ्ठावन्नचे झाले आणि तेही निवृत्त झाले. पेन्शनचा अर्ज भरायला ते डोंबिवलीला माझ्या घरी आले. नवा माणकोलीचा पूल झालाय, प्रतीकनं गाडीनं आणून सोडलं, आणि तो खाली गाडीत बसून राहिला. अर्जात कुठेही काही अडलं नाही. तिकडची साडेआठ आणि आमच्याकडची चार, सगळी वर्षं एका ओळीत उभी होती. इतकं सरळ काम माझ्या वाट्याला नोकरीत असताना क्वचित आलं. केणींनी माझ्या हातचा चहा घेतला आणि निघताना, किती येणार ते माहीत असूनही, पुन्हा एकदा रक्कम विचारून घेतली.

पहिली पेन्शन जमा झाली तेव्हा त्यांचा फोन आला. आकडा सांगितला, रुपयांपर्यंत. मी विचारलं, मग काय करणार तिचं? ते म्हणाले, राहू दे खात्यात.

यंदा गणपतीनंतर एका सकाळी पुन्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, मागे गाड्यांचा आणि कंडक्टरांचा गलका. मंदावहिनी बोलत होत्या, स्वतःच्या फोनवरून. खोपटच्या डेपोतून. अलिबागच्या बाजूला त्यांच्या बहिणीकडे दोघं निघालेली. मी विचारलं, एसटीनं कशाला, गाड्या आहेत ना दारात? त्या म्हणाल्या, प्रतीक सोडतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, यांचं पूर्ण. दोन्ही तिकिटं त्यांनी काढलेली होती, बचत खात्यात वर उरलं होतं त्यातून.

मी गमतीनं म्हटलं, शेठना सांगायचं ना पेन्शनीतून काढायला.

“ते पेन्शनीला हात लावून देत नायत,” त्या म्हणाल्या.  पलीकडून केणींचा आवाज येत होता, गाडी लागली, चल, पिशवी दे. “जाऊ दे, मॅडम. चाळीस वर्षांत पयल्यांदा मी यांना कुठं घेऊन चाललेय.”